कड्यावर की कड्याखाली

ओर्विएतोला जायचं ठरलं की पहिला प्रश्न मुक्कामाचा येतो. रोमहून उत्तरेला निघालं की रेल्वेने तासा-सव्वा तासात इटलीच्या उम्ब्रिया प्रांतातलं हे शहर येतं. टफ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला दगड. त्या दगडाचा चहूबाजूंनी सरळ तुटलेला एक माथा, त्या माथ्यावर सगळं गाव, आणि गावात त्या वस्तीच्या मानाने अवाढव्य असं एक कॅथीड्रल. खाली द्राक्षमळे, ऑलिव्हची झाडं, गव्हाची रानं, आणि मधूनमधून एकेकटी दगडी घरं. यातल्या पुष्कळ घरांत आता पाहुण्यांना खोल्या मिळतात. मग राहायचं वर की खाली?

माझी मावशी आणि मामा यांच्यात यावरून जुंपली. मावशी सांगलीच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. मामा तिचा धाकटा भाऊ, तासगावकडचा द्राक्षबागायतदार. गाडी मी चालवत होते म्हणून दोघांनी मला पंच नेमलं आणि दोघांनीही माझं काही ऐकलं नाही. मामाच्या हट्टापायी आधी खाली राहिलो, मावशीच्या हट्टापायी नंतर वर. पुढचं बोलणं एका बैठकीतलं नाही. कधी अंगणात, कधी कॅथीड्रलसमोरच्या चौकात, कधी गाडीत झालेलं आहे. मी ते सलग लावलं आहे, आणि मामाच्या काही शिव्या गाळल्या आहेत.

मावशी : बापू, एवढा विमानखर्च करून कॅथीड्रल बघायला आलो आणि उतरलो कुठे, तर शेतात. शेत तुझ्या घरी आहे की.

मामा : हितनं सगळं दिसतंय आक्का. अंगणात उभं राहिलं की अख्खा कडा समोर, वर कॅथीड्रलची टोकं. वर राहिलीस तर खिडकीतनं काय दिसणार, समोरच्याची वाळत घातलेली कापडं.

मावशी : म्हणजे पंढरपूरला जायचं आणि चंद्रभागेच्या अलीकडून हात जोडून परत फिरायचं?

मामा : कळसाचं दर्शनबी दर्शनच मानत्यात वारकरी. तूच शिकवलंस मला.

मावशी : वारकऱ्याला गर्दीत दुसरा इलाज नसतो म्हणून. तुला काय झालंय? अरे, त्या इमारतीचं सगळं वैभव तिच्या दर्शनी भिंतीत आहे. १२९० साली पोप चौथा निकोलस याच्या हस्ते पाया घातला गेला. १३१० मध्ये सिएनाचा लोरेंझो मैतानी मुख्य वास्तुकार झाला आणि १३३० मध्ये मरेपर्यंत त्याने त्या भिंतीला आकार दिला. त्याच्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या काम चाललं. मधली गोल खिडकी ओर्कान्याची, चौदाव्या शतकातली. दरवाजे पितळेच्या रंगाचे दिसतात ते ब्राँझचे, एमिलिओ ग्रेको या विसाव्या शतकातल्या शिल्पकाराचे. त्या दारांवरून गावात भांडण झालं होतं, इतक्या जुन्या भिंतीला इतकी नवी दारं कशाला म्हणून. आणि ही भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी बघशील तर सोनेरी मोझेइक नुसतं पिवळं दिसतं. दिवस कलायला लागला की ते पेटतं. त्या वेळेला रोमहून आलेल्या बसगाड्या परत गेलेल्या असतात. चौक रिकामा, आणि तुझ्यासारखे लोक खाली शेतात जेवणाची वाट बघत बसलेले.

(हे खरं आहे. सकाळी अकरा ते दुपारी चार त्या चौकात उभं राहणं म्हणजे छत्र्या उंचावलेल्या मार्गदर्शकांच्या मागून डोकावणं. संध्याकाळी समोरच्या भिंतीलगतच्या दगडी बाकावर ऐसपैस बसता येतं.)

मामा : बरं, भिंत बघितली मी. तुझ्या आधी बघितली. खालच्या चार खांबांवर जे कोरलंय, ते कुणी नीट बघतच न्हाई, सगळे वर सोन्याकडं बघत्यात. पहिल्या खांबावर जग कसं झालं ते. खालनं वर वाचायचं. आदम-हव्वेला बागेतनं हाकललं, आन्‌ मग काय? आदम कुदळ घेऊन रान खणतोय, हव्वा सूत कातत्येय. सगळ्या चित्रांच्या मधनं वेली नेल्यात. त्या कोरणाऱ्यानं वेल हातात धरून बघितलेली हाय, पेर कुठं येतं, फांदी कुठनं फुटती हे त्याला ठाऊक हाय. मग हे रान कुठलं? हेच, आपण उतरलोय ते.

मावशी : हे मात्र मी नीट पाहिलं नव्हतं.

मामा : आता सांग, चर्च बांधायला पैसा कुठला?

मावशी : ओर्विएतो तेव्हा स्वतंत्र नगरराज्य होतं, आजूबाजूची गावं त्याच्या ताब्यात होती. पोपही वरचेवर इथे मुक्कामाला असत. १२६३ साली इथून जवळच बोल्सेनाला एक प्रसंग घडला असं सांगतात : प्रार्थनेच्या वेळी पवित्र भाकरीतून रक्त ठिबकलं आणि खालचं वस्त्र भिजलं. ते वस्त्र इथे आणलं. पुढच्या वर्षी, १२६४ मध्ये, पोप चौथा अर्बन याने इथूनच कॉर्पस ख्रिस्ती या सणाचा फतवा काढला. ते वस्त्र ठेवायला गावाला मोठं मंदिर हवं होतं, ही परंपरा. त्यात अभिमानाचाही भाग होताच. सिएनाला मोठं कॅथीड्रल आहे, मग आम्हाला नको?

मामा : अभिमान गावाचा, गहू कुळाचा.

मावशी : कर, देणग्या, व्यापार, सगळंच असतं त्यात. एवढं सोपं करू नकोस.

मामा : सोपं मी करत न्हाई. चौकाच्या कोपऱ्यात तो घंटेवर हातोडा मारणारा ब्राँझचा पुतळा हाय न्हवं, त्याचं काय वाचून दाखवलंस तू?

मावशी : मॉरित्सिओ. १३४८ च्या सुमाराचा. बांधकामावरच्या मजुरांच्या कामाच्या वेळा मोजायला बसवला होता.

मामा : बघ. देवाचं घर बांधताना पहिलं घड्याळ कुणासाठी लावलं, तर मजूर उशिरा आला का ते बघायला.

मावशीने यावर काही उत्तर दिलं नाही. तिने विषय आत नेला, आणि आत ती अजिंक्य आहे. उजव्या हाताच्या सान ब्रिझिओ चॅपेलसाठी ती इथवर आली होती. फ्रा अँजेलिको या संन्यासी चित्रकाराने १४४७ मध्ये त्याचं छत रंगवायला घेतलं, थोडं करून तो निघून गेला, आणि मग पन्नासेक वर्षं छत तसंच अर्धवट राहिलं. १४९९ मध्ये ते काम कोर्तोनाच्या लुका सिन्योरेल्लीकडे आलं. त्याने छत तर पुरं केलंच, शिवाय १५०४ पर्यंत भिंतीही भरून टाकल्या : जगाचा अंत, मेलेल्यांचं उठून उभं राहणं, नरक, स्वर्ग. तिथल्या उघड्या देहांमधली स्नायूंची जाण पाहिली की काही दशकांनी सिस्टाइन चॅपेलच्या भिंतीवर मायकेलअँजेलोने जे केलं त्याची पूर्वतयारी कुठे झाली होती हे कळतं.

मावशी : हा डावीकडचा प्रसंग बघ. चौथऱ्यावर उभा राहून बोलतोय तो येशूसारखा दिसतो, पण येशू नाही. त्याच्या कानाशी सैतान लागलाय. सैतान सांगतो, हा बोलतो. हात नेमका कुणाचा हेही कळू नये असं काढलंय. ख्रिस्तविरोधकाचं प्रवचन म्हणतात याला. फ्लॉरेन्समध्ये सावोनारोला या प्रवचनकाराला १४९८ साली मारलं होतं, त्याची सावली यात आहे असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

मामा : चौथऱ्याखाली सोनं ओतलंय. आन्‌ हा बाईच्या हातावर पैसे ठेवतोय. ही निवडणुकीची सभा हाय आक्का.

मावशी : हसू नकोस, लोक बघताहेत. आणि अगदी डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यातले दोघे, तो स्वतः सिन्योरेल्ली आणि मागे फ्रा अँजेलिको. ज्याचं अर्धवट काम पुरं केलं त्याला शेजारी उभं केलंय. सिग्मंड फ्रॉइडने १८९७ मध्ये ही चित्रं पाहिली. पुढच्या वर्षी प्रवासात कुणाला तरी तो यांच्याबद्दल सांगायला लागला आणि चित्रकाराचं नावच आठवेना. बोत्तिचेल्ली आठवतो, बोल्त्राफिओ आठवतो, सिन्योरेल्ली नाही. नावं का विसरतात यावर त्याने त्याच वर्षी लेख लिहिला. १९०१ च्या त्याच्या पुस्तकाची सुरुवातही याच विसरण्याने होते.

मामा : मला तर तिन्ही आठवत न्हाईत. पैसे किती मिळाले ह्या गड्याला?

मावशी : पैशांखेरीज राहायची सोय, धान्य आणि वाइन असा करार होता.

मामा : वाइन! म्हणजे हितली द्राक्षं ह्या भिंतीत हायत.

इथून मामाला वाइनचा धागा मिळाला आणि गाडी पुन्हा कड्याखाली आली. ओर्विएतोची पांढरी वाइन जुनी, सरकारी मानांकन १९७१ चं. ग्रेकेत्तो आणि त्रेब्बियानो या तिच्या द्राक्षांच्या मुख्य जाती. पूर्वी ती किंचित गोडसर असे, कारण कड्याच्या पोटातल्या गुहांच्या गारव्यात आंबवण मंद चाले. गावाखाली अशा गुहा, विहिरी आणि बोगदे बाराशेच्या घरात आहेत, रोमनांच्याही आधी इथे राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांपासून खणत आलेले. काहींत भिंतभर चौकोनी कोनाडे आहेत, खाण्यासाठी पारवे पाळायचे.

मामाने आमच्या मुक्कामाच्या घराभोवतीची बाग दिवसाच्या दोन्ही कडांना, म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेला, फिरून पाहिली. तारेवर चढवलेल्या वेली, आमच्याकडच्यासारखा डोक्यावर मांडव नाही. ठिबकच्या नळ्याही सगळीकडे नाहीत. घर दुमजली, बाहेरून दगडी जिना. खाली बैलांचा गोठा होता, तिथे आता पाहुणे जेवतात. जेवणात मामाची एकच तक्रार होती : पावात मीठ नाही. उम्ब्रियात पाव अळणीच असतो. १५४० मध्ये पोप तिसरा पॉल याने मिठावर कर लावला तेव्हा लोकांनी मीठ सोडलं, अशी तिथे गोष्ट सांगतात. गोष्ट चांगली आहे, पुरावा पातळ आहे, असं मावशीचं मत.

मावशी : आता तुझ्या या खेड्याबद्दल बोलू. इथे खेडं कुठे आहे? पार नाही, चावडी नाही, शेजार नाही. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर दुसरं घर नाही. याला तू खेड्यात राहणं म्हणतोस?

मामा : हितं घर रानातच असायचं. मालकानं मुद्दाम तसं बांधलेलं. आपल्यात जशी अर्धेली, तशी हितंबी होती. मेत्साद्रिया म्हणत्यात. रान मालकाचं, घर मालकाचं, राबणं कुळाच्या घरातल्या सगळ्यांचं, आन्‌ पीक निम्मं निम्मं. हिशेबाची वही मालकाच्या कारभाऱ्याकडं. सणाला मालकाला अंडी, कोंबड्या नेऊन द्यायच्या त्या वेगळ्या. करार मोडला की रानाबरोबर घरबी गेलं. कैक ठिकाणी पोराचं लगीन करायचं तरी मालकाला विचारायला लागायचं.

मावशी : हे तुला कुणी सांगितलं?

मामा : हितल्या मालकानं. त्याचा आजा ह्याच डोंगरात कूळ होता. भाचीनं मध्ये बसून समजावून सांगितलं सगळं. आता ऐक. आपल्या आज्यानं दुसऱ्याचं रान अर्धेलीनं कसलं. कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं, म्हणून आज माझी बाग हाय आन्‌ तू शाळा शिकलीस. ह्यांच्यात १९६४ साली कायदा झाला, नवा अर्धेलीचा करार करायचा न्हाई, चालू हाय त्यात कुळाचा वाटा निम्म्यावरनं ५८ टक्के. पर तवर पोरं कुठं ऱ्हायली होती? तेर्नीच्या पोलादाच्या कारखान्यात गेली, रोमला गेली, तूरिनला गेली. घरं ओस पडली. छपरं बसली. तीच ही घरं.

मावशी बराच वेळ बोलली नाही. हा आजा तिचाही आजा. पण ती शिक्षिका आहे.

मावशी : मग तू आज बसलायस कुठे? ज्या कुळाला या घरातून निघून जावं लागलं त्याच्या गोठ्यात, पोहण्याच्या तलावाकडे बघत. त्याचं काही इथे शिल्लक आहे का? भिंतीला टांगलेलं जू आहे, त्याला वार्निश लावलेलं. कॅथीड्रलमध्ये निदान त्यांनी कमावलेलं काहीतरी जागेवर आहे. कुणालाही बघता येतं. इथे खोलीचं भाडं भरणाऱ्यालाच.

मामा : तिकीट तर तिथंबी हाय.

मावशी : तिकिटात आणि खोलीच्या भाड्यात फरक आहे.

मामा : आक्का, घर पडण्यापेक्षा पाहुणा बरा. १९८५ साली ह्यांनी कायदा केला, २००६ ला नवा आणला : शेतकऱ्यानंच पाहुणे ठेवायचे, आन्‌ शेती मुख्य पाहिजे, पाहुणा जोडधंदा. नुसतं हॉटेल काढून त्याला शेतघर म्हणायचं न्हाई. आपल्याकडं २०२० ला कृषी पर्यटनाचं धोरण आलं, त्यातबी असंच काहीबाही हाय. मी बागेच्या कडंला दोन खोल्या काढणार हाय.

मावशी : अस्सं! म्हणजे तू सुट्टीवर नाहीस, पाहणी दौऱ्यावर आहेस.

मामा : तू तरी कुठं सुट्टीवर हायस? वही भरलीय तुझी.

आता पंचाचं मत. माझं पारडं वरच्या मुक्कामाकडे झुकतं, पण मावशीच्या कारणांनी नाही. पहिलं कारण अगदीच गद्य : खाली राहिलं की गाडी लागते, आणि वाइनच्या प्रदेशात गाडी चालवणाऱ्याला वाइन चाखता येत नाही. शिवाय जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले रस्ते आहेत, तिथे कॅमेरे आहेत आणि दंडाची चिठ्ठी तुम्ही भारतात परतल्यावरही पाठ सोडत नाही. आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही काढून न्यावा लागतो. उलट वर राहणाऱ्याला रेल्वे स्टेशनसमोरूनच फ्युनिक्युलर मिळते. कड्यावर दोरीने ओढली जाणारी ही गाडी १८८८ मध्ये पाण्याच्या वजनावर चाले. मध्ये बंद पडली आणि १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे गाव वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. धीम्या शहरांची जी आंतरराष्ट्रीय संघटना १९९९ मध्ये निघाली तिच्या संस्थापक गावांपैकी हे एक, हे तिथे राहिल्यावर पटतं. दोनेक मिनिटांच्या अंतरात मावशीच्या ओळखीचे चार दुकानदार झाले.

सोपं नाही ते एकच, सान पात्रित्सिओची विहीर. १५२७ मध्ये सम्राटाच्या सैन्याने रोम लुटलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट पळून ओर्विएतोला आला. उद्या इथेही वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं, या धास्तीने त्याने अंतोनियो दा सांगाल्लोकडून विहीर खणवली. काम १५३७ मध्ये संपलं, तोवर क्लेमेंट वारला होता. पन्नास मीटरहून खोल, आणि आत एकमेकांभोवती गुंडाळलेले पण कुठेही न भेटणारे दोन जिने, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. खेचर एका जिन्याने रिकामं उतरे आणि दुसऱ्याने पाणी घेऊन चढे. वाटेत दोन खेचरं समोरासमोर यायचा प्रश्नच नाही.

मामा : हे खरं मंदिर. कॅथीड्रलपेक्षा मी हितं नारळ फोडला असता.

मावशी : आणि ही विहीर कुठे आहे? वर. खाली तुझ्या शेतात नाही.

मामा : पाणी तर खालचंच हाय.

माझं दुसरं कारण मला स्वतःलाच उशिरा सुचलं. कड्याखाली आम्हाला शेतकरी भेटला तो एक, घरमालक. बाकी सगळे आमच्यासारखेच पाहुणे. बागेत छाटणीला कोण येतं असं मामाने विचारलं, तर बरीचशी माणसं बाहेरच्या देशांतून येतात असं कळलं. रोमच्या दक्षिणेकडच्या लातिनाच्या सपाटीवर तर शेतात पंजाबी माणसं मोठ्या संख्येने राबतात. मामाला हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. पण गुरुवारी आणि शनिवारी सकाळी वर, पियात्सा देल पोपोलोमध्ये बाजार भरतो. आजूबाजूचे लोक भाजी, चीज, मध, मसूर, रानडुकराच्या मांसाचे सॉसेज घेऊन कड्यावर चढतात. ज्या माणसांसाठी मामा खाली राहिला ती माणसं त्याला वर भेटली.

त्या सकाळी मामा भाषेशिवाय बोलत होता. एका म्हाताऱ्याच्या पेटीतला द्राक्षाचा घड त्याने हातात उचलला, देठ पाहिला, मणी नखाने दाबून पाहिला. म्हाताऱ्याने भुवया वर केल्या. मामाने मोबाइलवर आपल्या बागेचा फोटो दाखवला. म्हाताऱ्याने शेजारच्याला हाक मारली. मग मला दुभाषी म्हणून खेचलं गेलं आणि प्रश्न सुरू झाले : घड विरळ करता का, फवारणी किती, गारा पडल्या तर विमा देतो का कुणी, व्यापारी पैसे किती दिवसांनी देतो. शेवटच्या प्रश्नाला म्हाताऱ्याने जे हातवारे केले त्यांचं भाषांतर मामाने मला करू दिलं नाही. त्याला समजलं होतं.

मावशी कॅथीड्रलची तिकिटं हातात धरून चौकाच्या टोकाला उभी होती. सिन्योरेल्लीची भिंत तिला पुन्हा बघायची होती, आणि या खेपेला दुर्बीण घेऊन.

मावशी : बापू, चल लवकर. ते चॅपेल बंद होईल.

मामा : पाचशे वर्षं थांबलंय ते आक्का. हा बाजार दुपारी उठतो.